रैनू, ती बाई मेलीच नव्हती

रैनू,

तुला वाचता येत होतं, म्हणून हे लिहितो आहे. तोंडाने सांगायला सात वर्षं मिळाली होती. ती मी घालवली.

त्या सिनेमावाल्यांनी तुला नापास केलं तेही तुला वाचता येत होतं म्हणूनच. तू चौथी पास होतास, जंगल खात्याच्या कटाईवर मुकादम होतास. खिशाला पेन्सिल, अंगात धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला तेल लावून मधोमध भांग. मुंबईच्या त्या डायरेक्टरने तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाला, "मास्टरजी, ये नहीं चलेगा. ये जंगली नहीं लगता. ये तो क्लर्क लगता है." मी हसलो. हिंदी तुलाही कळत होती, आणि तूही हसलास. तू का हसलास ते मी कधी विचारलं नाही.

ती कंपनी आली तेव्हा मी तुमच्या गावात मास्तर होतो. ब्रह्मपुरीकडच्या शेतकऱ्याच्या घरचा, दोन बुकं जास्त शिकलेला, आणि गावात स्वतःला फार मोठा समजणारा. चांद्याहून एक खटारा बस आणि एक जीप करून ते वीसेक जण जंगलखात्याच्या बंगल्यावर उतरले. रहस्यपट काढत होते. जमीनदाराच्या बंगल्यात बाण लागून एकेक माणूस मरतो, शहरातून टोपीवाला गुप्तहेर येतो, सगळ्यांवर संशय जातो आणि शेवटी खुनी निघतो तो जंगली लोकांचा सरदार. त्याला जमीनदाराच्या मुलीचा बळी द्यायचा असतो. बंगला मुंबईत उभा केला होता, जंगल मात्र त्यांना इथं फुकट मिळालं. दुभाष्या म्हणून मला धरलं. साहेब लोक "मास्टरजी, मास्टरजी" करत होते आणि मी फुगत होतो.

सरदाराचं काम करायला मुंबईहून आणलेला पहिलवान तिसऱ्याच दिवशी हिवतापाने आडवा झाला आणि त्याला चांद्याच्या दवाखान्यात पाठवलं. तेव्हा मी तुझं नाव सुचवलं होतं, रैनू. हे एवढं मात्र खरं आहे. गोंडाचं काम गोंडाने करावं, इतकं साधं मला तेव्हा सुचलं होतं. डायरेक्टरने तुला नाकारलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझा जबडा रुंद आहे, भुवया दाट आहेत. "आप करेंगे?" म्हणाला.

मी नाही म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "पडद्यावर नाव येईल?"

कंपनीच्या माणसाने काजळी टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलात कालवून माझ्या अंगाला फासली. डोक्यावर आंबाडीच्या झिपऱ्या, गळ्यात कोंबडीची हाडं, कानात मोराचं पीस. तू येनाच्या झाडाखाली उभा राहून बघत होतास.

"का गा मास्तर, हे कोण म्हणायचं?"

"गोंड," मी म्हणालो.

"कुठचा? आमच्यात इतका काळा कोणीच नाई. तू तर आंगावर कोळसा सांडलेल्या अस्वलावानी दिसून राह्यला." मग जवळ येऊन माझ्या गळ्यातली हाडं पाहिलीस. "आन् हे कोंबडं कोणी खाल्लं? आमाले नाई बोलावलं."

तेव्हा आपण दोघं पोट धरून हसलो. तिथवर सगळी मजाच होती. तिथवरचं मला अजून आठवून हसू येतं, आणि हसू आलं की लगेच पुढचं आठवतं.

पुढचं असं. बळीच्या सीनच्या आदल्या दिवशी पलीकडच्या गावात कोणी वारलं होतं आणि तुमचा मरणाचा ढोल जंगलातून ऐकू आला होता. डायरेक्टर जेवता जेवता थांबला. "यही चाहिए! बलि के सीन में यही बीट चाहिए." मी त्याला सांगितलं की हा ताल माणूस मेल्याशिवाय वाजत नाही. गायत्याच्या, म्हणजे गावच्या पुजाऱ्याच्या, घरातून तो ढोल एरवी बाहेरही निघत नाही. वाजवायच्या आधी मेलेल्याचं नाव त्याला सांगतात आणि ढोल खाली ठेवेपर्यंत गावात कोणी अन्नाला शिवत नाही. तो म्हणाला, "तो बोल दो कोई मर गया." आणि पुढे म्हणाला, "ढोल नहीं तो सीन नहीं, मास्टरजी. सरदार को सीधे गोली मार देंगे."

म्हणजे माझं पडद्यावरचं सगळं काम एका गोळीत संपणार.

मी तुझ्याकडे आलो, रैनू. तू अंगणात दोर वळत बसला होतास, आई जवळच मोहाची फुलं निवडत होती. मी चेहरा लांब केला आणि म्हणालो, "कंपनीच्या मालकाची आई वारली. मुंबईची तार आली. मालक लय रडून राह्यला. इथंच काही करता येते का, म्हणून विचारते."

तू दोर खाली टाकलास. तुला क्षणभरही शंका आली नाही. येणार कशी? पावसाबद्दल, दामाबद्दल, साहेबाबद्दल माणूस खोटं बोलतो हे तुम्हाला माहीत होतं. मरणाबद्दल कोणी खोटं बोलतो हे तुमच्या गावात कोणी पाहिलंच नव्हतं. तू म्हणालास, "परक्या मुलखात आई गेल्याची खबर आली, आन् रडायले गणगोत नाई. आमी येतो ना, मास्तर. काकाले सांगतो."

तुझे काका गावचे गायते. त्यांनी एकच विचारलं, "बाईचं नाव?"

नाव मी ठरवलंच नव्हतं. तोंडातून निघालं ते माझ्या आईचं. द्वारकाबाई. ती त्या वेळी ब्रह्मपुरीला ओसरीत बसून लाखोळीची डाळ पाखडत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव आलं. बायकांनी डोक्यावरून पदर घेतलेले. काकांनी ढोलाशी तोंड नेऊन माझ्या आईचं नाव सांगितलं, मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, काजळी फासलेला. गावाला वाटलं, शोकात अंग काळं करायची मुंबईकडे रीत असेल, आणि तुला वाटलं, माझी आधीची काजळी अजून निघालीच नाही. तसं तू मला नंतर सांगितलंस.

नटीला येनाच्या झाडाला बांधलेलं पाहून तुझी आई थबकली. मी त्याचंही उत्तर दिलं. एक खोटं जमलं की दुसऱ्याला वेळ लागत नाही. "ती मेलेल्या बाईची लेक आहे. जिवाचं बरंवाईट करेल म्हणून बांधून ठेवली."

मालकाला आईचा शोक जपून ठेवायचा आहे, असं मी तुला सांगून ठेवलं होतं, आणि कॅमेरा सुरू झाला. ढोल सुरू झाला. मी डोळे वटारून नटीपुढे नाचायला लागलो, आणि मधेच तुझी आई रांगेतून निघून पुढे आली. तिच्या हातात पानाचा द्रोण होता. "येर, येर," पाणी, पाणी, असं म्हणत तिने त्या मुलीच्या ओठाला पाणी लावलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. डायरेक्टर "कट, कट" ओरडला. "ये बुढ़िया को हटाओ!" नटी मात्र रडायला लागली होती, खरोखर. तिला काय कळलं होतं, देव जाणे. तुझ्या आईला मी हाताला धरून बाजूला केलं. त्या काळ्या हाताचा ठसा तिच्या दंडावर उमटला होता.

तुम्ही दुपार टळेपर्यंत वाजवलं. कंपनीने बिस्किटं वाटली, कोणी हात लावला नाही. मालकाने काही देऊ केलं तर काका म्हणाले, मरणाचं कोणी घेते का? मालक खूश होऊन म्हणाला, कितने सीधे लोग हैं.

वर्षभराने तो सिनेमा चांद्याला लागला. मी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा दुपारच्या खेळाला गेलो होतो. मध्यंतरात दिवे लागले आणि अगदी पुढच्या बाकावर मला दोन पाठी दिसल्या. एक तुझी, पांढऱ्या सदऱ्याची. दुसरी काकांची, पागोटं मांडीवर घेतलेलं. तुम्ही जिल्हा कचेरीच्या कामाला आला होता आणि बाहेरच्या फलकावर तू मला ओळखलं होतंस.

मी उठून जाऊ शकलो असतो. तेही केलं नाही. खांबाआड उभा राहून उरलेला खेळ तुमच्या पाठींकडे बघत पाहिला. पडद्यावर मी आलो. काळाकुट्ट, झिपऱ्या पसरलेला. मी जे बोलत होतो त्याला भाषा म्हणत नाहीत. डायरेक्टर म्हणाला होता, कुछ भी बोलो, झिंगा-बुंगा चलेगा. मला गोंडी येत होती, रैनू. तुमच्याच पोरांनी मला शिकवली होती. एखादं खरं वाक्य मी म्हणू शकलो असतो. मी झिंगा-बुंगा म्हणालो. आणि मागून ढोल वाजत होता, तुमचा, खरा. थेटरातली पोरं बाकांवर उभी राहून "हू हू हू" करत त्या तालावर नाचत होती. तुझी आई एवढीशी दिसली, पाणी घेऊन येताना. पण द्रोण मुलीच्या ओठाला लागायच्या आत चित्र तोडलं होतं. बघणाऱ्याला वाटलं म्हातारी रक्त घ्यायला द्रोण घेऊन निघाली आहे. एक जण ओरडला, "अरे, चेटकीण!"

शेवटी मी गोळी खाऊन पडलो. नटी गुप्तहेराच्या मोटारीत बसून हसत निघून गेली.

बाहेर चहाच्या टपरीपाशी तुम्ही मला गाठलंत. काका चिडलेले नव्हते. त्यांना फक्त कळत नव्हतं. त्यांनी गोंडीत विचारलं, "ती पोरगी तर हसून राह्यली. तिची आई मेली होती ना? मग आपण वाजवलं कोणासाठी?"

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला तिथं, त्या क्षणी सगळं कळलं. मी म्हणालो, "मला शाळेच्या कामाने हापिसात जायचं आहे," आणि निघालो. हापीस बंद व्हायची वेळ झाली होती.

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर तू आलास. पोरांच्या पाट्या पेटीवर नीट रचून ठेवल्यास, मग बोललास. "पंचाईत बसली होती. मी सांगितलं, हे मीच ठरवलं म्हणून. सिनेमात ढोल पायजे होता, म्हणून मी मास्तरले खोटं सांगाले लावलं."

"काऊन?" मी विचारलं.

"तुझं नाव घेतलं तर उद्यापासून ह्या शाळेत एक पोरगं येणार नाई. मरणाचं खोटं बोलणाऱ्या मास्तराकडे कोण धाडल? ह्या शाळेसाठी मी गडचिरोलीच्या हापिसात तीन वर्षं चकरा मारल्या आहेत, मास्तर. तुले माहीत आहे ना."

पंचांनी निवाडा केला होता. तू ढोलाला हात लावायचा नाहीस, आणि तुझ्या घरचं कोणी गेलं तर गाव वाजवणार नाही. तू हे मला हजेरी सांगावी तसं सांगितलंस. मग म्हणालास, "मी जन्मभर नाई हे ओढणार. ही पोरं चौथी होऊ दे. मग तू ये, काकासमोर उभा राह्य, आन् तुझ्या तोंडाने सांग."

मी "हो" म्हणालो. ते "हो" मी सात वर्षं म्हणत राहिलो.

आपलं भांडण त्यानंतर कधी संपलंच नाही. मी म्हणायचो, सिनेमा खोटाच असतो, बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. तू म्हणायचास, "चांद्याच्या थेटरात कोणाले ठाऊक होतं, सांग ना. एकाचं नाव सांग." मग देवीची लस टोचणारा तुमच्या गावात मुक्काम करीना. सूर्य कलला की निघायचा. कटाईवर आलेल्या नव्या बाबूने तुला हसत विचारलं, "काय रे मुकादम, तुम्ही माणूस कापता म्हणे?" तू मला हे सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, चेष्टा केली असेल. तू म्हणालास, "चेष्टाच केली. पण जेवण आपलं आपण वेगळं शिजवलं त्याने." मी विषय बदलला. विषय बदलण्यात मी हुशार झालो होतो.

मग तुझी आई गेली. माझी शाळा तेव्हा तुमच्याच गावात होती. मी अंगणात पोचलो तेव्हा माणसं जमली होती, लाकडं तोडली जात होती, कोण कोणाशी हळू बोलत होतं. सगळं नेहमीसारखं होतं, फक्त आवाज नव्हता. तुमच्या गावात मरण म्हणजे आधी तो आवाज. त्याच्याशिवाय ते घर असं दिसत होतं, की तिथं कोणी मेलंच नाही, नुसती माणसं कशाची तरी वाट बघत बसली आहेत. काका त्यांच्या दाराशी खाली मान घालून बसले होते. निवाडा त्यांनाही बांधत होता. तू आईच्या उशाशी होतास. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस, फार वेळ नाही. मला वाटतं तू वाट पाहिलीस. एक वाक्य लागलं असतं. मी घोंगडीचं टोक नीट करायला वाकलो.

माझ्या आईसाठी, ती धडधाकट जिवंत असताना, तुम्ही उपाशी राहून दुपार टळेपर्यंत वाजवलं. तुझ्या आईसाठी वाजलं नाही. हे मी आज पहिल्यांदा एका जागी लिहितो आहे.

पोरं चौथी झाली. तू आठवण केली नाहीस. मी बदलीचा अर्ज केला आणि आरमोरीला निघून आलो. तरी तू ब्रह्मपुरीच्या बाजाराला आलास की आमच्या तिथल्या घरी यायचास, बाजाराच्या दिवशी मीही तिथं असायचो, आणि पानात बांधून चारोळी आणायचास. पहिल्यांदा आलास तेव्हा शेजारीण हाका मारत आली, "द्वारकाबाई, आहात का वो?" तू हातातली ताटली खाली ठेवलीस. आईकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. आई म्हणाली, "वाढू का बाबा आणखी? काऊन थांबला?" तू म्हणालास, "वाढ बाई." आणि पोटभर जेवलास. निघताना फाटकाशी मला म्हणालास, "तुझी आई लय जगल, मास्तर. आमी तिले आधीच वाजवून बसलो आहो." असं म्हणून तू खरंच हसलास. तुझ्या जागी मी असतो तर त्या घरचं पाणी प्यालो नसतो.

परवाच्या मंगळवारी बाजारात जंगलखात्याच्या शिपायाने सांगितलं, "तुमचा तो मुकादम गेला. तापाने. काल." मी सायकल काढली. रस्ता संपला तिथं सायकल ठेवून पुढे चाललो. सगळा वेळ कान देत होतो. काहीच ऐकू येत नव्हतं.

तू अंगणात होतास, धुतलेल्या सदऱ्यात. भांग कोणीतरी नीट पाडला होता. तुझी बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला सगळं ठाऊक होतं हे मला तिच्या डोळ्यांवरूनच कळलं. ती एवढंच म्हणाली, "मास्तर, याले असंच नेऊन राह्यले. आता तरी बोल."

मी काकांच्या दाराशी गेलो. फार थकलेत ते. चार-पाच म्हातारे बसले होते. मी उभा राहूनच बोललो, गोंडीत. इतक्या वर्षांत भाषा गंजली होती, वाक्यं तुटत होती, पण झिंगा-बुंगा नव्हती. तार आली नव्हती. कोणी मेलं नव्हतं. रैनूला माहीत नव्हतं. मला पडद्यावर दिसायचं होतं. तुझी आई बिनआवाजाची गेली तेव्हा मी तिथंच उभा होतो. हे सगळं मी सांगितलं.

काकांनी विचारलं, "मग ती बाई कोण?"

"माझी आई."

"आहे?"

"आहे."

त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर धरले. मग बाकीच्यांशी हलक्या आवाजात बोलले. मग मला म्हणाले, "रैनूचं वाजेल. त्याच्या आईचंही त्याच्यासंगं वाजेल. पण तू इथं राहायचं नाई. तू मरण विकलं आहे. तुले ते ऐकता येणार नाई. निघ. आवाज जाते तिथवर थांबू नको."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी तुझ्या पायाला हात लावला आणि निघालो. गावाच्या वेशीवर होतो तेव्हा ढोल सुरू झाला. मी चालत राहिलो. नाला ओलांडला, तिथं वाटलं संपला, वारा फिरला तसा पुन्हा आला. तू मुकादम असतानाचं ते तोडलेलं रान ओलांडलं. दगडाचा चढ चढलो. दर वेळी थांबावंसं वाटायचं, आणि थांबायचं म्हणजे ऐकायचं. सात वर्षं मी तुझ्या समोर बसून काही ऐकलं नाही, आणि आता ऐकायचं नव्हतं तर कान सगळे तिकडेच लागले होते.

सडक जवळ आली तेव्हा मला काही ऐकू येईनासं झालं. एक बाई मोहाची टोपली डोक्यावर घेऊन समोरून येत होती, अनोळखी, पलीकडच्या गावची असेल. मी विचारलं, "बाई, ढोल थांबला का?"

ती कान देऊन उभी राहिली. "नाई ना. वाजून राह्यला. तुले ऐकू नाई येत?" मग म्हणाली, "कोण गेलं गा?"

मी तुझं नाव सांगितलं. तुझ्या आईचंही सांगितलं.

तिने टोपली डोक्यावरून उतरवून सडकेच्या कडेला ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि आवाजाकडे तोंड करून उभी राहिली. तिने तुला कधी पाहिलंही नसेल. मला तिच्याजवळ उभं राहायचं होतं. मी चालू लागलो.